गोळ्यांइतकीच समजही हवी

आपल्या गावांत एक गोष्ट वारंवार घडते. घरातील आजोबांना धाप लागते, पाय सुजतात, त्यांना रुग्णालयात नेतात. काही दिवसांत सूज उतरते व आजोबा घरी येतात. 'बरे झाले' म्हणून सारे निश्चिंत होतात. गोळ्या मागे पडतात, ताटात लोणचे व खारवलेला मासा पुन्हा येतो आणि महिन्याभरात तीच धावपळ सुरू होते.

हृदय दुबळे झाले म्हणजे ते बंद पडले असे नव्हे. शरीराला पुरेसे रक्त पुरविणे त्याला जड जाते, म्हणून पाय व फुप्फुसे यांत पाणी साचते. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची नेहमीची कारणे, आणि मॉरिशसमध्ये या दोहोंची वाण नाही. हा आजार बहुधा समूळ जात नाही, पण आवरता मात्र येतो.

त्यासाठी रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, उशा वाढवल्याशिवाय झोप येईना, किंवा पायांवर बोट दाबल्यास खळगा पडू लागला, तर थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मीठ कमी करावे. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. सांधेदुखीची गोळी विचारल्याविना घेऊ नये. काही वेदनाशामकांनी शरीरात पाणी साचते. 'आता पडून राहा' हा सल्लाही जुना झाला. प्रकृती स्थिर असल्यास डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालणे हितावह असते.

यात नवल काही नाही. १९९५ साली अमेरिकेत २८२ वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना परिचारिकांनी आजार, आहार व औषधे समजावून सांगितली आणि घरी गेल्यावरही विचारपूस केली, त्यांचे या आजारासाठी रुग्णालयात परतणे निम्म्याहून कमी झाले.

आम्हां शिक्षकांना एक गोष्ट ठाऊक आहे: गुरुजींनी सांगितले म्हणजे मुलाला समजले असे होत नाही. त्याच्या तोंडून परत ऐकावे लागते. रुग्णालयांनीही घरी सोडताना एवढेच करावे. घाईने हाती दिलेला कागद पुरे नाही. आजीला कळणाऱ्या भाषेत, क्रेओलमध्ये का होईना, सांगावे आणि तिच्याकडून वदवून घ्यावे. स्वयंपाक करणाऱ्या सुनेलाही त्या वेळी जवळ बसवावे, कारण मिठाची बरणी तिच्या हाती असते.

आपली मंडळेही मागे राहू नयेत. गणेशोत्सवाला जमणाऱ्या मंडळींपुढे एखाद्या परिचारिकेचे अर्ध्या तासाचे बोलणे ठेवता येईल. एक वजनकाटा मंडळाच्या खोलीत ठेवणे कोणालाही जड नाही.

वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची आपली रीत आहे. वाकल्यावर त्या पायांना सूज तर नाही ना, एवढे पाहण्याची सवय आपण लावून घेऊ या.