विमानासाठी मोजतात, माणसासाठी का नाही?

हिवाळ्यात सकाळी मुकुंदवाडीत गच्चीवर उभे राहिले, की वायव्येला बुद्धलेण्यांचा डोंगर दिसायला हवा. आता कित्येक दिवस तो करड्या पडद्याआड असतो. लोक म्हणतात, धुके आहे. धुके ऊन चढले की विरते. हा पडदा दुपारीही हलत नाही.

हा पडदा धुराच्या कणांचा आहे. एक मायक्रॉनहून लहान कण प्रकाश विखुरतात आणि दूरचे दृश्य पुसतात. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सल्फेटचे कण तयार होतात, दमट पहाटे ते पाणी शोषून फुगतात. रस्त्यावरची जाड धूळ डोळ्यांत जाते खरी, पण डोंगर झाकण्याचे मुख्य काम या बारीक कणांचे.

आमचेच कार्यकर्ते विचारतात, वस्तीत नळाला पाणी नाही आणि वकीलसाहेब डोंगराचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण डोंगर झाकणारा कण आणि वस्तीतल्या पोराच्या छातीत उतरणारा कण एकच आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी शहराचा कचरा अडवला, तेव्हा तो रस्तोरस्ती जळू लागला आणि सगळ्या शहराचे डोळे चुरचुरले. नारेगावच्या नशिबी तो तीस वर्षांहून अधिक काळ होता, तेव्हा कोणाला धूर दिसला नव्हता!

आता कायदा पाहू. अमेरिकेने १९७७ साली कायद्यातच लिहिले, की राष्ट्रीय उद्याने आणि राखीव रानांतून दूरवर स्वच्छ दिसले पाहिजे. १९९९ च्या नियमाने अशा १५६ ठिकाणांसाठी २०६४ पर्यंत नैसर्गिक दृश्यमानता परत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. (त्या देशाचे सगळेच गोड मानायचे कारण नाही.) आपल्या १९८१ च्या वायू कायद्यातही प्रदूषकाच्या व्याख्येत माणसाबरोबर वनस्पती, मालमत्ता आणि पर्यावरण आहे. दार उघडे आहे. आत कोणी गेले नाही.

२००९ ची राष्ट्रीय मानके काढून बघा. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रासाठी वेगळा रकाना आहे. त्यात सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ५० ऐवजी २०, नायट्रोजन डायऑक्साइडची ४० ऐवजी ३०. मात्र डोंगर पुसणाऱ्या पीएम २.५ ला दोन्ही रकान्यांत तोच ४० चा आकडा! रकाना केला आणि ज्याच्यासाठी तो हवा होता, तेच वगळले.

११ जुलै २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तर बहुतेक कोळसा वीज प्रकल्पांना गंधक रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. निकष कोणते? दिल्ली परिसर, दहा लाखांवरची शहरे, अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेची मानके न गाठणारी शहरे यांच्यापासून दहा किलोमीटर. अभयारण्य वा लेणी हा निकषच नाही. धूर काय दहा किलोमीटरवर थांबून परवानगी मागतो? अजिंठ्याला पर्यटकांच्या गाड्या चार किलोमीटर अलीकडे थांबवतात, ते चांगलेच आहे, पण उंच चिमणीचा धूर फाट्यावर थांबत नाही.

२०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपले शहर आहे, जालनाही आहे. पैसा कुठे जातो? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरात ६४ टक्के निधी रस्त्याच्या धुळीवर आणि उद्योगांच्या प्रदूषणावर अवघा ०.६१ टक्का. झाडू मारणारे यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन करता येते. चिमणीला हात लावला तर मालक दुखावतो.

मागणी साधी आहे. संवेदनशील क्षेत्राच्या रकान्यात पीएम २.५ चा आकडा खाली आणा आणि लेण्यांच्या डोंगरावर दृश्यमानतेची रोज नोंद ठेवा. यंत्र नाही ही सबब चालणार नाही. जालना रस्त्यावर थोडे पुढे चिकलठाण्याचा विमानतळ आहे. विमान सुखरूप उतरावे म्हणून तिथे दृश्यमानता मोजतातच. मागच्या दहा हिवाळ्यांच्या त्या नोंदी आपण मागू. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे; मुकुंदवाडीतून शंभर जणांनी तरी आपापल्या नावाने तो टाकावा.