बैलाची बेगमी

पावसाळ्यासाठी आई उन्हाळ्यातच पापड, कुरडया, सांडगे करून डब्यात भरून ठेवते. त्याला बेगमी म्हणतात. झाडे आणि जनावरे पण बेगमी करतात. ती आपल्या अंगातच करतात.

झाडाची पाने उन्हात अन्न तयार करतात. उरलेले अन्न झाड साठवून ठेवते. ऊस कांड्यांत साखर साठवतो. शेंगदाण्यात तेल असते. बटाट्यात आणि ज्वारीच्या दाण्यात पिष्ट असते. बाईंनी बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून दाखवले. फोड काळी-निळी झाली. पिष्ट असले की असा रंग येतो.

प्राणी चरबी साठवतात. १ ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर १ ग्रॅम चरबीतून सुमारे ९ मिळते. म्हणून थोड्या जागेत जास्त बेगमी मावते. उंटाच्या मदारीत पाणी असते असे पुष्कळ मुलांना वाटते. पण तिच्यात चरबी असते. बैलाचे वशिंड मात्र बहुतेक मांसाचेच असते. त्याची चरबी कातड्याखाली आणि पोटात असते.

चैत्र-वैशाखात रानात चारा नसतो. तेव्हा बैल अंगातली चरबी खर्च करतो. ती सरत आली की मांस झिजते. बरगड्या मोजता येतात. आणि नेमका मृग निघाला की त्याला कुळवाला नि पाभरीला जुंपतात. ओढायची ताकद तर मांसातच असते. मग तो खाली बसला की चाबूक मारतात. मला हे पटत नाही. तो आळशी नाही, त्याची बेगमी संपलेली असते.

फाल्गुनात ज्वारी निघाली की कडबा स्वस्त असतो. काहीजण सगळा विकून टाकतात. ज्येष्ठात तोच महाग मिळतो. मोठी माणसं म्हणतात, पैशाची नड असते, काय करणार! ते पण खरं आहे. पण आपल्या बैलाला पाऊस पडेपर्यंत पुरतील एवढ्या पेंढ्या तरी गंजीत राखाव्यात. आता गावात ट्रॅक्टर आलाय, तरी पुष्कळांची पेरणी बैलावरच होते.

पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी चारतो. ते चांगलेच आहे. पण तेव्हा रानात हिरवा चारा भरपूर असतो. माझे मत असे आहे की, खरी गरज वैशाखात असते. तेव्हा त्याला रोज एक पेंढी जास्त द्यावी.

— इयत्ता ४ थी