रोव्हर्स चषक पुन्हा सुरू झालाच पाहिजे

रोव्हर्स चषकाचा विषय निघाला की ‘त्याचे दिवस भरले होते’ हे उत्तर तयारच असते. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे कूपरेज मैदानावर गाजलेली फुटबॉलची ही अखिल भारतीय बाद स्पर्धा २०००-०१च्या मोसमानंतर थांबली. ती थांबणे अटळ होते हे म्हणणे मला साफ अमान्य आहे. त्यासाठी दिली जाणारी कारणे तपासू.

पहिले कारण असे की मराठी माणसाला फुटबॉलचे वेड नाही. असे म्हणणाऱ्याने कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावे. तिथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ उतरतात आणि पेठाच्या पेठा लोटतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वेड आहे. त्याला मुंबईत आणणारी वाट मात्र बंद झाली.

दुसरे कारण, हा गोऱ्या पलटणींचा वारसा. पहिले जेतेपद वुस्टरशायर रेजिमेंटचे, हे खरे. पण १९२३ साली कोलकात्याचा मोहन बागान अंतिम फेरीत धडकला, १९३७ साली बंगळूर मुस्लिम्सने चषक जिंकून दाखवला आणि १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीमच १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२ साली जाकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. १९५८ साली मुंबईच्याच कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला. इतक्या घामाने जिंकून घेतलेली गोष्ट परकी कशी?

तिसरे कारण अधिक वजनदार आहे. १९९६ साली राष्ट्रीय लीग आली आणि जुन्या चषकांना वेळापत्रकात जागा उरली नाही, असे सांगतात. वेळापत्रकाची ओढाताण मीही मान्य करतो. पण इंग्लंडचा एफए चषक १८७१ पासून आहे आणि जगातली सर्वांत श्रीमंत लीग त्याला जागा करून देते. आपल्याकडचा ड्युरँड चषक तर रोव्हर्सहून तीन वर्षांनी जुना. तोही रखडला होता. २०१९ साली लष्कराने आणि पश्चिम बंगाल सरकारने तो कोलकात्यात उभा केला. त्याच वर्षी केरळच्या गोकुलमने अंतिम सामन्यात मोहन बागानला त्याच्याच शहरात हरवले. इच्छा असली की तारखा सापडतात.

उरले शेवटचे कारण, मुंबईत संघच कुठे आहेत? टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल यांच्यासारखे कंपन्यांचे संघ होते, तेव्हा खेळाडूला नोकरी होती. ती व्यवस्था मोडली हे दुःख खरेच. पण मुंबईचा महिंद्र युनायटेड बंद झाला २०१० साली. म्हणजे घरचा चषक आधी गेला. मिरवायला मैदानच नसेल तर कोणती कंपनी संघ पोसेल?

आता बाद पद्धतीचे मोल. आमच्या नागोठणे, पेण, रोहा पट्ट्यात ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण रायगड कबड्डीचा जिल्हा आणि इथल्या कबड्डी स्पर्धा बाद पद्धतीच्याच. संध्याकाळी मैदानावर पाणी मारतात, चुन्याच्या रेषा आखतात, भाग्यपत्रिका, म्हणजे सामन्यांची सोडत, वाचली जाते. कुणाला न खेळताच पुढे चाल मिळते, तर कुणाची पहिल्याच फेरीत नामवंत संघाशी गाठ पडते. मग दहा-बारा घरांच्या वाडीचा संघही तालुक्याच्या विजेत्याला घाम फोडतो. साखळीत पैसा आणि राखीव खेळाडू शेवटी वरचढ ठरतात. बाद सामन्यात एका संध्याकाळपुरती दोघांची पाटी कोरी असते. लहान गावाला मोठ्या खेळात शिरायला हा एवढाच दरवाजा आहे, आणि व्यावसायिक लीगने तो उघडलेला नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने रोव्हर्स पुन्हा भरवावा. मुख्य फेरीतल्या काही जागा जिल्ह्यांच्या पात्रता फेरीतून येणाऱ्या संघांना राखून ठेवाव्यात, म्हणजे कोल्हापूरच्या तालमीची मोठ्या व्यावसायिक संघाशी गाठ पडेल. राज्य सरकारने बंगालइतका हात द्यावा. नागोठण्यापासून तळोज्यापर्यंत रायगडात कारखाने उभे आहेत. त्यांनी स्थानिक मुलांचे संघ बांधावेत. कूपरेज जागेवर आहे, संघटनेचे कार्यालयही तिथेच आहे. पहिल्या फेरीच्या तारखा जाहीर करा. संघ आपोआप उभे राहतील.