नागरिकत्वाचा तास कोठे भरतो? गोणपाट, नळ आणि प्राथमिक शाळा

१. ‘मुलांवर संस्कार उरले नाहीत, प्राथमिक शाळेत नीतिशिक्षणाचा स्वतंत्र तास सुरू करा’, ही मागणी दर काही वर्षांनी नव्या उत्साहाने पुढे येते. मागणी करणाऱ्यांना ती नवी वाटते. वास्तविक ती १४० वर्षांहून जुनी आहे आणि तिला महाराष्ट्राच्या इतिहासाने दिलेले उत्तरही तितकेच जुने आहे. त्या उत्तराचा हा थ्रेड.

२. आरंभ १८५६ सालापासून. मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. सरकारचा युक्तिवाद असा, की एका मुलासाठी आग्रह धरला तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि संस्था बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही. त्या शाळेतील मुलांना त्या दिवशी नागरिकत्वाचा पहिला धडा मिळाला. तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता.

३. पुढे १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याने महाविद्यालयांसाठी नीतीचे पाठ्यपुस्तक आणि माणूस व नागरिक यांच्या कर्तव्यांवर व्याख्याने सुचवली. आयोगाचेच एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या पाठ्यपुस्तकाच्या कल्पनेला विरोध नोंदवला. प्राथमिक शाळांबाबत मात्र आयोगाची शिफारस अधिक शहाणपणाची होती : मुलांच्या वर्तनावर व शीलावर योग्य परिणाम होईल असे शाळेतील अध्यापन आणि शिस्त असावी.

४. आता प्रश्न असा, की तेव्हाच्या शाळांतील ‘शिस्त’ प्रत्यक्षात काय शिकवत होती? याचे उत्तर त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर झालेल्या एका निवेदनात आहे. निवेदक होते जोतीराव गोविंदराव फुले.

५. जोतीरावांनी सांगितले, की महार, मांग आदी जातींच्या मुलांना उच्चवर्णीय मुलांच्या शेजारी बसू दिले जात नाही, म्हणून ती सर्वच शाळांतून व्यवहारतः वगळली जातात. त्यांच्यासाठी सरकारने काढलेल्या वेगळ्या शाळा केवळ मोठ्या शहरांत आहेत. पुण्यात या समाजाची लोकसंख्या ५,००० हून अधिक असताना त्यांच्यासाठी शाळा एकच, आणि तिच्यातील उपस्थिती ३० मुलांपेक्षाही कमी.

६. नीतीच्या तासाचे समर्थक येथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. प्राथमिक अभ्यासक्रमात नीतीचे व आरोग्याचे काही पाठ असावेत, असे जोतीरावांनीही सुचवले होते. होय, सुचवले होते. परंतु त्यांच्या मागण्यांची संपूर्ण यादी वाचावी : १२ वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, शिक्षकांना पुरेसा पगार, आणि शेतकरी वर्गातून आलेले, नांगराला हात लावण्यास न लाजणारे, खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळणारे शिक्षक. नीतीचे ‘काही पाठ’ या चौकटीत येतात. चौकट फेकून देऊन पाठ तेवढे उचलणे म्हणजे जोतीरावांचे नाव घेऊन त्यांचा मुद्दा गाडणे होय.

७. आता सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत भिवा नावाचा एक मुलगा दाखल झाला. महाराष्ट्रात हा दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि ठिकठिकाणी भाषणे होतात. त्या भाषणांत ‘त्यांनी शिक्षणाचे महत्त्व ओळखले’ हे वाक्य असतेच. साताऱ्याच्या शाळेने त्या मुलाला काय शिकवले, हे बहुधा नसते.

८. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते स्वतः नोंदवून ठेवले आहे. बसण्यासाठी वेगळे गोणपाट. ते रोज घरून आणायचे आणि रोज घरी न्यायचे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवणार नव्हता. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही.

९. येथे थोडे थांबून विचार करावा. त्या वर्गात इतरही मुले होती. गोणपाटाचा धडा एकट्या भिवाला नव्हता, तो सगळ्या वर्गाला होता. आपण नळ उघडू शकतो आणि शेजारचा मुलगा उघडू शकत नाही, हे प्रत्येक मूल रोज पाहत होते. सत्य, दया व बंधुता यांवरचे शंभर पाठ त्यांच्याकडून घोकून घेतले असते, तरी नळापाशी त्या पाठांचा पराभव ठरलेला होता. उलट अशा पाठांतून एक जास्तीची गोष्ट पक्की झाली असती : बोलायचे एक आणि वागायचे दुसरे.

१०. हे ज्याने ओळखले तो राज्यकर्ता कोल्हापूरचा. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. पुढे १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. संस्थानातील प्राथमिक शाळांना मिळालेला नागरिकशास्त्राचा हा सर्वांत मोठा धडा. त्यासाठी नवे पुस्तक लागले नाही, बसण्याची जागा बदलावी लागली.

११. सांस्कृतिक जाणिवेचे काय? तिचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. सोबत होत्या अनुताई वाघ. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. पाने, बिया, शंखशिंपले हे शिक्षणाचे साहित्य झाले.

१२. याच्या शेजारी आजचे चित्र ठेवावे. स्नेहसंमेलनात मुलांना आदिवासी वेश चढवून नाचवणे याला ‘सांस्कृतिक जाणीव’ म्हणतात, आणि त्याच शाळेत घरची बोली बोलणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणून गप्प केले जाते. पहिली गोष्ट दहा मिनिटे चालते आणि दुसरी वर्षभर. मूल कोणत्या गोष्टीतून शिकते, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

१३. ‘हे सारे जुने झाले’ असे म्हणणाऱ्यांसाठी नजीकचा इतिहास. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. म्हणजे पंगतीतून समतेचा पाठ. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतील मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारले. मुले जन्मतः असे नाकारत नाहीत. त्यांना कोणीतरी शिकवलेले असते.

१४. आणि महाराष्ट्र? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला : १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. कायद्याच्या भाषेत हा प्रवेशप्रक्रियेचा वाद होता. इतिहासाच्या भाषेत तो धारवाडचाच प्रश्न होता : कोणाचे मूल कोणाच्या शेजारी बसणार?

१५. विशेष हे, की अशी सूट ज्यांना हवीशी वाटते त्यांतील अनेकांना नीतिशिक्षणाचा तासही हवा असतो. यात त्यांना विसंगती दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी चारित्र्य ही पाठ करण्याची वस्तू आहे. परिपाठात रोज प्रतिज्ञा होते, पाठ्यपुस्तकाच्या आरंभी संविधानाची उद्देशिका छापलेली असते. दोन्ही मोलाच्या आहेत. पण बंधुतेचा शब्द उच्चारण्यासाठी बंधू वर्गात असावा लागतो.

१६. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘संस्कारांचा तास’ मागेल, तेव्हा त्याला नकार देण्याची गरज नाही. आधी तीन प्रश्न विचारावेत. या शाळेत कोण कोणाशेजारी बसते? पाणी आणि जेवण कोणाच्या हातचे चालते? घरची भाषा घेऊन आलेल्या मुलाला वर्गात तोंड उघडता येते का? या तिन्हींची उत्तरे ठीक असतील, तर तो तास अवश्य ठेवावा. मुलांना त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटेल. उत्तरे ठीक नसतील, तर नागरिकत्वाचा तास त्या शाळेत आधीपासूनच भरतो आहे. त्यात काय शिकवले जाते, ते साताऱ्याच्या नळापाशी १९०० साली दिसलेच आहे.