शेख की शेरव?

गेल्या महिन्यात कोरेगाव भीमातल्या एका खालांना मी सांगितलं, की मतदार यादीत तुमचं नाव नाही. नाव होतं. चूक माझ्या स्क्रिप्टची होती, म्हणजे माझीच.

सणसवाडीच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी गावातली काही मुलं रविवारी माझ्याकडे शेल स्क्रिप्टिंग शिकायला बसतात. पुस्तकी उदाहरणांत त्यांचं मन रमेना, म्हणून मतदार यादी घेतली. ती कुणालाही डाउनलोड करता येते, पण तिची पानं म्हणजे नुसती चित्रं. त्यांत शब्द शोधता येत नाही. शोधता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी, ही कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली नाही. मग अक्षरं आपणच काढायची. पीडीएफची पानं सुटी करायची, टेसरॅक्टकडून त्यांवरचं मराठी वाचून घ्यायचं आणि ग्रेपने नाव शोधायचं. एक फॉर लूप लावला आणि चहा पिऊन येईपर्यंत काम झालेलं. मुलं खूश, मी त्यांच्याहून जास्त.

आम्ही ग्रेपला 'शेख' शोधायला सांगितलं. टेसरॅक्टने काही ठिकाणी त्याचं 'शेरव' वाचलं होतं. ख आणि रवचा हा घोळ जुनाच. सुट्या वळणाचा ख माणसांनाही फसवायचा, म्हणून तर त्याचे पाय जोडले. ग्रेपने त्या ओळी निमूटपणे गाळल्या. काही सापडलं नाही तर तो तसं सांगतही नाही, गप्प बसतो. त्या गप्प बसण्यालाच मी उत्तर समजलो.

खाला घाबरून बीएलओ मॅडमकडे गेल्या. मॅडमनी छापील यादीवर बोट फिरवलं आणि नाव दाखवलं. "बेटा, तेरी मशीन से मॅडम की उंगली अच्छी," खाला मला म्हणाल्या.

पाइपची कल्पना डग मॅक्इलरॉय यांची. १९७३ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये बसवली. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या हातात. आपण तिचा वेगच तेवढा बघतो. खरा फायदा वेगळा आहे: साखळी कुठेही तोडून मधलं उत्तर डोळ्यांनी वाचता येतं. मी ते वाचलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, अशी स्क्रिप्ट चॅटजीपीटी क्षणात लिहून देतो. देऊ द्या की. पण मधलं उत्तर वाचायला 'शेरव' हे आडनाव नसतं हे माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो आपल्या मोहल्ल्यातच मिळेल.

पुढच्या रविवारी मुलांनी ग्रेप -ई 'शे(ख|रव)' असं लिहिलं. यादीच्या भरलेल्या पानावर ३० नोंदी असतात. स्क्रिप्टने किती वाचल्या, ते आता डब्ल्यूसी -एलने पानागणिक मोजतो. आकडा जुळला नाही, तर ते पान हाताने वाचायचं. लॅपटॉप नसलेल्यांनी अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंय. ग्रेप, सॉर्ट, युनिक सगळं त्यात चालतं. आणि छापील यादी बघितल्याशिवाय कुणालाही 'तुमचं नाव नाही' म्हणायचं नाही, असं ठरलंय. खरोखरच नसेल, तर त्याच बैठकीत नमुना ६ भरून घ्यायचा.

या रविवारी सय्यद, सैयद आणि सैय्यद, तिन्ही पकडणारी एकच ओळ मुलांनी लिहून आणायची आहे. खालांचं म्हणणं, आधी मॅडमना दाखवा.