पाटीवरचे नाव आणि परवान्याचा नंबर

आपल्या भागात एकाच नावाची माणसे किती, हे कळायला जनगणनेची गरज नाही. गावच्या मतदार यादीची दोन पाने उलटा, म्हणजे झाले. मुखेड-कंधारकडच्या तांड्यांवर राठोड, चव्हाण, पवार, जाधव या चार आडनावांतच निम्मी यादी संपते. उदगीर-औशाकडे शेख अमुक शेख तमुक, म्हणजे आडनाव दोनदा आणि तरी माणूस सापडत नाही तो नाहीच. नांदेड शहरात सिंघ. आणि पाटील? ते तर मुळात आडनावच नव्हे, ते वतन. जितकी गावे तितके पाटील!

गावाने यावर आपली तोड केव्हाच काढली आहे. चाकूरचे शिवराज पाटील ते चाकूरकर, निलंग्याचे शिवाजीराव पाटील ते निलंगेकर. एक १९९१ ते ९६ लोकसभेचे सभापती होते, दुसरे १९८५-८६ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री. एकाच जिल्ह्यातले दोन पाटील, नावेही जवळजवळची, पण लातूरच्या माणसाचा कधी घोटाळा झाला नाही. दिल्लीच्या कागदावर मात्र चाकूरकर गळाले आणि नुसते शिवराज व्ही. पाटील राहिले. मोठ्या माणसाचे यात काही अडत नाही. अडते ते तुमचे आमचे. कारण सरकारी रजिस्टरला चाकूरकर, मळ्यातला, वाड्यावरचा असले काही कळत नसते. त्याला नाव कळते, तेही इंग्रजीतले, आणि नंबर कळतो.

आता डॉक्टरचेच घ्या. बाजारच्या गावाला पाटी असते. दोन इंग्रजी अक्षरे, पुढे जाधव नाहीतर पाटील, खाली पदवी. आपण नाव वाचतो आणि आत जाऊन बसतो. ती पदवी याच जाधवाची, की शंभर कोसांवरच्या दुसऱ्या कुणा जाधवाची, हे विचारायचे कुणाच्या मनात येत नाही. विचारले तर डॉक्टरला राग येईल, ही एक भीती. वास्तविक २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. म्हणजे विचारण्यात अपमान कसला? ॲलोपॅथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, वैद्यांची भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेकडे, होमिओपॅथांची तिसरीकडे. पाटीवरची पदवी पाहून आधी रजिस्टर कोणते ते ठरवायचे, मग नंबर पाहायचा.

ॲलोपॅथीची राष्ट्रीय यादी इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. तिच्यात नावापुढे वडिलांचे नाव, नोंदणीचे वर्ष, पदवी आणि विद्यापीठ असते. नामसाखळा इथेच सुटतो. एकाच नावाचे पाच निघाले तरी बापाचे नाव आणि साल पाचही जणांचे जुळत नाही. तुमच्यासमोरचा डॉक्टर पस्तिशीचा आणि त्या नंबरापुढे नोंदणीचे साल १९७८ असेल, तर आणखी कसला पुरावा हवा? बोगस डॉक्टर शोधायला जिल्ह्याला आणि तालुक्याला समित्या आहेत, १९६१ चा वैद्यक व्यवसायी कायदा आहे. पण समितीकडे "अमुक डॉक्टर बोगस वाटतो" अशी तोंडी कुजबुज नेऊन काही होत नाही. चिठ्ठी न्यावी, तिच्यावरचा नंबर न्यावा. आणि चिठ्ठीवर नंबरच नसेल, तर ती चिठ्ठीच न्यावी. तीच तक्रार.

वकिलाचे त्या मानाने सोपे. सनदेच्या नंबरातच साल असते आणि तो वकीलपत्रावर लिहिलेला असतो. त्यामुळे इथे फारसे रेंगाळण्याचे कारण नाही.

खरी ठेच लागते ती कृषी सेवा केंद्रात. तिथे दुकानांचीही नावे सारखी. बालाजी, महालक्ष्मी, साई! एका तालुक्यात तीन बालाजी, आणि मालकही पाटीलच. बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने परवाना दुकानात दिसेल असा लावणे, साठा आणि भाव फलकावर लिहिणे आणि गिऱ्हाइकाला बिल देणे बंधनकारक आहे. आपण काय करतो? ओळखीचा आहे म्हणून कच्च्या चिठ्ठीवर पोती उचलतो.

२०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन पेरले आणि उगवलेच नाही, अशा तक्रारींचा ढीग पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली. पंचनाम्याला तालुक्याची समिती बांधावर आली, की तिचा पहिला प्रश्न असतो, बिल कुठे? बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक, वाण, लॉट नंबर आणि घेणाऱ्याचे पूर्ण नाव लागते. बिल नुसत्या 'पाटील' नावाने, सातबारा दत्तात्रय विठ्ठलरावांचा आणि गावात पाटलांची चाळीस घरे. मग तो लॉट याच शेतात पडला हे सिद्ध कसे करणार? बियाण्यात फसलेला शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेला आहे. निकाल भक्कम, पण हाती कच्ची चिठ्ठी!

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त जाचक वाटते. नामसाखळ्यामुळे चांगल्या माणसावर बालंट येते. एकाचे थकलेले कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसते. मग सोसायटीची बेबाकी मिळत नाही आणि पेरणी दारात उभी असते. पोलीस भरतीला निघालेल्या पोराची चारित्र्य पडताळणी असते आणि त्याच गावात त्याच नावाच्या माणसावर गुन्हा असतो. कोर्टाच्या खटल्यांची यादी आता कुणालाही नावाने शोधता येते. शोधणारा वडिलांचे नाव पाहत नाही, वय पाहत नाही, आणि सोयरीक मोडते. डॉक्टरच्या बाबतीत आपण कमी चौकशी करतो आणि माणसाला बट्टा लावायचा असेल तेव्हा नुसते नाव आपल्याला पुरते. आपली ही तऱ्हा काही बरी नव्हे.

निवडणुकीत तर नावाचा वापर हत्यारासारखा होतो. २०१४ ला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. मे २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला उभे राहण्यापासून कसे रोखणार, असे म्हणून न्यायालयाने याचिका ऐकली नाही. त्यांचेही खरेच. मतदान यंत्रावर २०१५ पासून उमेदवाराचा फोटो आला तो याच कारणाने.

सरकारलाही हे उमगलेले दिसते. २०१९ च्या कर्जमाफीत गावोगाव याद्या लागल्या, त्यात प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक होता. एप्रिल २०२५ पासून शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. म्हणजे शेतकऱ्याला नंबर मिळाला. पण ज्याच्याकडून तो औषध घेतो आणि बियाणे घेतो, त्यांचे नंबर गावात कुठेच लागलेले नसतात. तालुक्यातले नोंदणीकृत डॉक्टर आणि परवानाधारक दुकानदार यांची यादी वडिलांच्या नावासह आणि क्रमांकासह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लावू नये? खर्च म्हणाल तर दोन कागदांचा. इंटरनेटवर आहे की, असे साहेब म्हणतील. पण तिथे चव्हाण हे इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले असते आणि शेख चार. जाधव तर विदर्भाला लागून असलेल्या किनवट-माहूरकडे जाधाव होऊन बसतो. एका स्पेलिंगने सापडले नाही म्हणून डॉक्टरला लगेच बोगस म्हणू नका. नंबर टाकून पाहा.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव येते. नामसाखळा त्याने पुष्कळ सुटेल. मात्र त्या पिढीतला पहिला डॉक्टर गावात पाटी लावील, तेव्हा २०४८ साल उजाडलेले असेल.