भुंगा वाचवायचा, तर कारभार बन्नीकरांच्या हाती द्या!
कच्छला निघालेल्या मराठी प्रवाशांना आवाहन



हिवाळा लागला की आपल्याकडून गाड्या भरभरून कच्छला जातात. धोरडोचे पांढरे रण पाहून माणसे ‘भुंग्या’त मुक्काम करतात. गोल खोली, निमुळते छप्पर, भिंतीवर आरशांची नक्षी. यातले कितीतरी भुंगे सिमेंटचे असतात, वरून फक्त मातीचा रंग! परंपरेच्या नावाने चाललेली ही फसवणूक आहे आणि तिचे पैसे आपणच मोजतो.

खरा भुंगा बन्नी या कच्छच्या गवताळ प्रदेशात, पशुपालक मालधारी आणि मेघवाळ यांच्या वस्त्यांत आहे. मातीची जाड भिंत दुपारचा ताप आत येऊ देत नाही. भिंत गोल, म्हणून भूकंपात आधी फाटणारा कोपराच नाही. वर गवताचे हलके छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात दगडी घरे आणि काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, तेव्हा नीट बांधलेले आणि निगा राखलेले भुंगे बहुतांशी टिकले. तरीही सरकारी गणतीत मातीचे घर ‘कच्चे’च!

ही निगा राखतात बायका. माती आणि शेण कालवून त्या भिंत लिंपतात, नक्षी काढतात, पावसाने झिजलेला थर पुन्हा चढवतात. मग जतनाची योजना ठरते त्या बैठकीत त्यांना जागा का नसावी? किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली, सरळ रांगांत घरे बांधली. घर कसे हवे, हे त्यात राहणाऱ्यांना पुरेसे विचारलेच नाही. तीच चूक बन्नीत नको.

आणि गवताचे काय? वनखात्याने लावलेला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, बन्नीचे कुरण गिळत चालला आहे. कुरणावर गावाचा हक्क नसेल, तर छपराला गवत कुठून आणायचे? म्हणून बन्नीच्या गावांचे सामुदायिक वनहक्क हा घरांचाही प्रश्न आहे.

वाट दिसत नाही असे नाही. भुजच्या ‘हुन्नरशाळा’ या संस्थेने कारागिरांना बरोबर घेऊन मातीचे बांधकाम सुधारले. बन्नीतल्या होडका गावाचे ‘शाम-ए-सरहद’ हे पर्यटक निवासस्थान गावच चालवते.

आमची मागणी स्पष्ट आहे. मातीच्या भक्कम घराला घरकुलाचा पूर्ण निधी द्या. लिंपणाऱ्या बाईला गवंड्याइतकी मजुरी द्या. पर्यटनाच्या पैशाचा हिशेब गावासमोर मांडा.

आणि प्रवाशांनो, खोली ठरवण्याआधी विचारा: हा भुंगा कोणी बांधला, भाडे कोणाला मिळते? उत्तर टाळले, तर तिथे उतरू नका.